जवळीक किती, हे कोणी ठरवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते बडोद्याच्या रावपुऱ्यात वाढलेले असून मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका आरेखन कार्यालयात चौदा जणांच्या टीमचे प्रमुख आहेत. नागालँडची एक तरुण अभियंता दीड वर्षापासून त्यांच्याकडे काम करते, आणि ब्रिटनमधल्या ग्राहक कंपनीकडून एक कृष्णवर्णीय वरिष्ठ अभियंता एका गोऱ्या कनिष्ठ सहकाऱ्यासह तीन महिन्यांसाठी आले आहेत. टीममधले काही जण त्या मुलीला ‘मोमो’ म्हणून हाक मारतात. एका सहकारी बाईंनी दोन वेळा तिचे केस हातात घेऊन ‘पार्लरमध्ये सरळ करून घेतलेस का’ असे सगळ्यांसमोर विचारले. पाहुण्या अभियंत्यांबरोबर न विचारता फोटो काढले जातात, आणि मंजुरीची ड्रॉइंग सही करण्याचा अधिकार त्यांचा असूनही त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यापुढे ठेवली जातात. मुलीने एकदा चहाच्या वेळी मन मोकळे केले, पण ‘कोणाला सांगू नका’ असेही म्हणाली. तक्रार कोणाचीच नाही. मी मध्ये पडावे का, पडलो तर तिचा विश्वास मोडतो का, आणि सहकारी म्हणून माझी हद्द कुठे संपते, असे प्रश्नकर्ते विचारतात.

बडोद्यातल्या कारखान्यांच्या आणि कार्यालयांच्या कार्मिक विभागांत माझी सव्वीस वर्षे गेली, आणि आता मी काही कंपन्यांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्या अनुभवावरून तुम्हाला सरळ उत्तर देते. तुम्ही मध्ये पडायलाच हवे आणि त्यासाठी तक्रारीची वाट पाहण्याचे कारण नाही, मात्र तुम्ही तिचे नाव पुढे करून मध्ये पडू नये. तिने चहाच्या वेळी सांगितलेली गोष्ट तिची आहे, आणि तुमच्या टेबलापासून पाच पावलांवर तुम्ही स्वतः ऐकलेली हाक ही तुमची गोष्ट आहे. ती हाक थांबवण्यासाठी तुम्हाला तिच्या परवानगीची गरज नाही, कारण टीममध्ये कामाच्या वेळेत कोणी कोणाला काय म्हणायचे हे पाहणे तुमच्याच पदाचे काम आहे. वर्षभर ती हाक तुमच्यासमोर ऐकली गेली आणि तुम्ही काही बोलला नाही, तर टीमने त्याचा अर्थ संमती असाच घेतलेला असतो, आणि त्या मुलीनेही तोच घेतलेला असतो. बहुधा म्हणूनच तिने तुम्हाला ‘सांगू नका’ म्हटले.

आपल्या गावातल्या कार्यालयांची एक रीत आहे, ती इथे नीट पाहण्यासारखी आहे. गुजरातेत कोणालाही नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ लागतेच. मराठी घरातली माणसेही कार्यालयात शिरली की भाई आणि बेन होतात. चहा देणारा मुलगा साहेबांनाही ‘भाई’ म्हणतो आणि साहेब त्यालाही ‘भाई’ म्हणतात. मी तपासलेल्या एका प्रकरणात हजेरीपटावर अठरा नावे होती आणि रोजच्या बोलण्यात सतरा जणांना भाई किंवा बेन लावले जात होते, तर अठराव्या मुलीला खाण्याच्या पदार्थाचे नाव चिकटवले होते. त्या कार्यालयातल्या प्रत्येकाने मला मनापासून सांगितले की आम्ही तिला आपलीच मानतो. मी त्यांना हजेरीपट दाखवून विचारले की मग तिच्या नावापुढे बेन का नाही, तेव्हा बराच वेळ कोणीच बोलले नाही. तुमच्या टीममध्येही हाच साधा निकष लावा. जो मान बाकीच्यांना न मागता मिळतो तो तिला मिळत नसेल, तर मग मस्करीचा हेतू काय होता हा प्रश्न मागे पडतो.

‘आम्ही एकमेकांनाही टकल्या, जाड्या म्हणतो’ हा बचाव तुमच्यासमोर नक्की येईल. टकल्या म्हणणाऱ्याला उलट काहीतरी म्हणता येते, त्या थट्टेत दोघांनाही जागा असते, आणि घरी गेल्यावर टकल्याला टक्कल आहे म्हणून कोणी खोली नाकारत नाही. त्या मुलीने मात्र तोच शब्द घरमालकाकडून, रिक्षावाल्याकडून आणि रस्त्यावरच्या पोरांकडून ऐकलेला असतो, आणि सकाळी कार्यालयात आल्यावर तोच पुन्हा ऐकू येतो. जानेवारी 2014मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशच्या निदो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांची टर उडवली गेली, त्यातून भांडण झाले, मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली आणि ईशान्येकडच्या लोकांना देशभर काय सोसावे लागते याची नोंद सरकारी कागदावर आली. 2020मध्ये साथीच्या काळात याच लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले, आणि गृह मंत्रालयाला राज्यांना त्याबद्दल सूचना द्यावी लागली. तुमच्या टीममधल्या बाईंना यातले काही ठाऊक नसेल आणि केसांचे कौतुक त्यांनी खरोखरच प्रेमाने केले असेल. तरीही तिच्या केसांना लागलेला हात या सगळ्या मागच्या गोष्टींवर जाऊन पडतो, आणि तो मागे घेण्याची जबाबदारी हात लावणाऱ्याची आहे.

आपल्याकडे चौकशी करणे म्हणजे माया करणे. गाव कुठले, लग्न झाले का, भाडे किती देता, घरी कोण कोण असते, हे पहिल्या दहा मिनिटांत विचारले नाही तर माणूस कोरडा वाटतो. मीही त्याच वळणाची आहे आणि ते वळण वाईट आहे असे मला वाटत नाही. पण ‘गाव कुठले’ हा प्रश्न मिरजेहून आलेल्या मुलाला विचारला की नाते जुळते, आणि ज्याच्या चेहऱ्यावरून तो सतत विचारला जातो त्याला विचारला की ती ओळखपत्राची तपासणी होते. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूचे एक सिद्दी गृहस्थ आमच्याकडे यंत्रदुरुस्तीला होते. त्यांच्या कित्येक पिढ्या गुजरातेत गेलेल्या, बोलणे माझ्यापेक्षा शुद्ध गुजराती, तरीही प्रत्येक नवा कामगार त्यांना ‘कोणत्या देशाचे’ म्हणून विचारी. ते शांतपणे ‘भरूच’ म्हणत, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असे, ‘ते ठीक, पण मूळचे?’ हा दुसरा प्रश्नच खरा बोचणारा असतो. पहिले उत्तर मिळाल्यावर थांबणे, आणि पुढचे समोरच्याने आपण होऊन सांगितले तरच ऐकणे, एवढी शिस्त टीमला लावता आली तरी पुष्कळ झाले.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तुमच्या मनात जे येते आहे असे दिसते तेच मी पूर्वी करून बसले आहे. एका कंपनीत मी कार्मिक अधिकारी असताना मणिपूरच्या एका मुलीविषयी असेच काही कानावर आले. मी सगळ्या विभागाची सभा बोलावली, विविधतेवर बोलले, आणि शेवटी तिला उभे करून म्हटले, ‘तुला काय वाटते ते तूच सगळ्यांना सांग.’ ती उभी राहिली. ओळखपत्राची फीत बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिली, आणि ‘इथे सगळे चांगले आहेत’ एवढेच हिंदीतून बोलून बसली. सहा आठवड्यांनी तिने राजीनामा दिला. जे त्या दिवसापर्यंत चार लोकांत होते ते मी साठ लोकांत नेले, आणि लोकांना शहाणे करण्याचे काम जिला त्रास झाला तिच्याच गळ्यात घातले. कोणाचाही अपमान करण्याचा माझा हेतू नव्हता, पण त्याने तिला काही फरक पडला नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते की सभा घेऊ नका, तिला साक्षीला उभे करू नका, आणि पारंपरिक पोशाखाच्या दिवशी शाल नेसून नाचायला सांगू नका.

त्याऐवजी जे करायचे ते छोटे आहे आणि त्याच क्षणी करायचे आहे. पुढच्या वेळी ती हाक ऐकली की आवाज न चढवता म्हणा, ‘अहो, त्यांचे नाव घ्या ना,’ आणि लगेच ज्या कामाचे बोलणे चालले होते त्या कामावर या. हे वाक्य तुम्ही नेहमी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत म्हणा, मराठी असो, गुजराती असो की हिंदी. त्यावर भाषण जोडू नका आणि तिच्याकडे पाहू नका, कारण तुम्ही पाहिले की बाकीचेही पाहतात. त्याच दिवशी हाक मारणाऱ्याला बाजूला घेऊन पाच मिनिटे बोला. ‘तिने तक्रार केली’ असे चुकूनही म्हणू नका. ‘मी ऐकले, मला चालत नाही, आपल्या टीममध्ये यापुढे नको,’ असे म्हणा, म्हणजे राग आलाच तर तुमच्यावर येईल आणि तो तुम्ही झेलू शकता. केस हातात घेणाऱ्या बाईंशीही एकट्यात आणि मान राखून बोला. ‘कौतुक तोंडाने करा, हात नको’ एवढे बहुतेकांना पुरते. पुन्हा घडले तर लेखी समज द्या. पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वहीत तारीख, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी ‘असे कधी झालेच नाही’ असे म्हटले जाते आणि त्या वेळी आठवण पुरी पडत नाही.

तिने मागितलेल्या गुप्ततेविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. टीमचा प्रमुख हा मित्र असू शकतो, पण मित्राइतका मोकळा नसतो, आणि हे समोरच्याला आधी माहीत असायला हवे. कोणी ‘एक सांगू का, पण कोणाला सांगू नका’ म्हणून सुरुवात केली की तिथेच नम्रपणे म्हणावे, ‘जमेल तेवढे माझ्याजवळच ठेवीन, पण कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला वर कळवावे लागेल.’ तुम्ही हे तेव्हा म्हटले नाही, म्हणून आता तिच्याकडे परत जाऊन म्हणावे लागेल. तिच्याशी बोलताना बैठकीच्या काचेच्या खोलीत, कामाच्या वेळेत, दहा मिनिटे बसा. तुम्ही जे स्वतः पाहिले त्याबद्दल काय करणार आहात ते तिला सांगा, आणि तिने जे सांगितले त्याचे काय करायचे ते तिला विचारा. ती नको म्हणाली तर तो तिचा निर्णय आहे. फक्त कोणते दार कुठे आहे हे तिला ठाऊक असू द्या.

ती दारे अशी आहेत. राज्यघटनेचे 15वे कलम वंश आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई करते आणि 16वे कलम सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते, परंतु खाजगी कंपनीतल्या वांशिक वागणुकीसाठी आपल्याकडे स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे तुमच्या कंपनीची आचारसंहिता हेच पहिले हत्यार आहे. तिच्यात वंश, वर्ण आणि प्रदेश हे शब्द नसतील तर ते घालून घेण्याचा आग्रह तुम्ही धरा. नागा समाजातली मुलगी बहुधा अनुसूचित जमातीची असते, आणि लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान झाला तर 1989चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. गृह मंत्रालयाने 2012मध्येच राज्यांचे तिकडे लक्ष वेधले होते. मात्र ईशान्येतला प्रत्येक जण त्या यादीत नसतो, उदाहरणार्थ मणिपूरमधला मैतेई समाज नाही, म्हणून गृहीत धरून बोलू नये. ‘तिकडच्या मुली मोकळ्या असतात’ या वळणाची शेरेबाजी सुरू झाली तर मात्र प्रकरण लैंगिक छळाच्या 2013च्या कायद्यात येते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार लेखी आणि घटनेपासून 3 महिन्यांत करायची असते, कारण पटल्यास समिती आणखी 3 महिने वाढवून देऊ शकते, आणि तक्रारदाराची ओळख उघड करण्यास मनाई आहे. वांशिक टोमणा आणि लैंगिक टोमणा पुष्कळदा एकाच वाक्यात येतात, आणि कार्मिक विभाग त्यातला सोपा अर्धा तेवढा उचलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पाहुण्या अभियंत्यांच्या बाबतीत फोटोंचा प्रश्न एका वाक्यात सुटतो. आधी विचारावे आणि नाही म्हटल्यास हसून सोडून द्यावे. ड्रॉइंगची गोष्ट मला त्याहून फार गंभीर वाटते. वरिष्ठ माणूस समोर बसलेला असताना सहीचा कागद त्याच्या गोऱ्या कनिष्ठापुढे सरकवला जातो, तेव्हा कोणी अपशब्द उच्चारलेला नसतो, आणि विचारले तर ‘चुकून झाले’ असे उत्तर येते. पण चूक रोज एकाच दिशेने होत असेल तर ती चूक राहत नाही. कागद कोणापुढे आणि कसा ठेवला जातो यातून माणसाला त्याची जागा दाखवता येते, हे बडोद्याला परक्या कोणी सांगण्याची गरज नाही. 1917मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून याच संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. त्यांना राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही हाकलले गेले, आणि रात्रीची गाडी निघेपर्यंतचे कित्येक तास त्यांनी कमाटी बागेत काढले. ज्या महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवले त्यांचेच हे राज्य होते, तरीही वरची सदिच्छा कचेरीतल्या टेबलापर्यंत पोहोचली नाही. जात आणि वर्ण या एकच गोष्टी नव्हेत हे मला ठाऊक आहे, पण टेबलावरचा कागद दोन्हीकडे सारखाच बोलतो.

म्हणून तुमच्या कार्यालयात मंजुरीचा क्रम लेखी करा. कोणते ड्रॉइंग कोणाच्या सहीने पुढे जाईल ते नाव आणि हुद्द्यासह फलकावर लावा, आणि चुकीच्या टेबलावर गेलेला कागद न रागावता परत पाठवा. पहिल्या बैठकीत त्यांची ओळख तुम्ही स्वतः हुद्दा आधी सांगून करून द्या आणि त्यांना मधल्या खुर्चीवर बसवा. ग्राहक कंपनीच्या देशातल्या 2010च्या समता कायद्यात वंश किंवा वर्णाशी निगडित नकोशा वर्तनाने एखाद्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसला, तर हेतू तसा नसतानाही त्या परिणामाचा विचार केला जातो. ‘आमच्या मनात तसे काही नव्हते’ एवढ्याने ते लोक समाधान मानणार नाहीत, ही गोष्ट वरिष्ठांनाही जरूर कळवा.

डब्याचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण तो येईलच, कारण बडोद्यात तो येतोच. कार्यालयात मांसाहार चालत नसेल तर तसा नियम लिहून लावावा आणि तो सर्वांना सारखा असावा. तिच्या डब्यातल्या आंबवलेल्या सोयाबीनवर नाके मुरडायची आणि आपल्यातल्या कोणी आणलेल्या सुकटीकडे काणाडोळा करायचा, असे होता कामा नये. शाकाहारी शेजारात खिडक्या लावून सुकट भाजणाऱ्या मराठी घरांना हे जास्त समजावून सांगण्याची गरज पडू नये.

शेवटी तुमच्या स्वतःच्या हद्दीविषयी. तुम्हाला तिच्याबद्दल वाईट वाटते आहे, आणि अशा वेळी माणूस भरपाई करायला जातो. तिला रोज घरी सोडणे, तिच्या चुका पोटात घालणे, गणपतीला फक्त तिलाच जेवायला बोलावणे, यातून तुमच्या नकळत एक वेगळे नाते तयार होते, आणि पगारवाढीचा कागद तुमच्या हातात असल्याने तिला ते नाकारणे अवघड जाते. गणपतीला बोलावायचे असेल तर सगळ्या टीमला बोलवा. याच्या उलट चूकही मी पाहिली आहे. एकदा समज मिळाल्यावर लोक त्या व्यक्तीशी बोलणेच कमी करतात, तिच्या ड्रॉइंगमधली चूक दाखवायला कचरतात, आणि वर्षअखेरीला तिच्या मूल्यमापनात शिकण्यासारखे एकही वाक्य नसते. तसे वागणे म्हणजे तिला टीमबाहेर ठेवणेच आहे, फक्त ते सभ्य दिसते.

पुढच्या आठवड्यात आधी हाक मारणाऱ्याशी बोला, मग केसांना हात लावणाऱ्या बाईंशी, आणि त्यानंतर त्या मुलीला काचेच्या खोलीत दोन वाक्यांत सांगा की मी जे ऐकले ते थांबवले आहे, आणि इथून पुढे तसे काही घडले तर मला, आणि लैंगिक टोमणा असेल तर अंतर्गत समितीलाही सांगता येईल. ती आभार मानेल असे धरू नका. कदाचित ती फक्त ‘ठीक आहे’ म्हणेल आणि उठेल. मग तिचे अडकलेले ड्रॉइंग उघडा आणि त्यातली मापे इतर कोणाची तपासाल तितक्याच बारकाईने तिच्यासमोर तपासायला घ्या.